हिंगाच्या डब्यातली पावडर

अजिंठा, लेण्यांच्या पार्किंगमधून
शुक्रवार, दुपार

प्रिय वहिनी,

पत्र बघून घाबरू नका. मी ठीक आहे, गाडीपण ठीक आहे. शाळेत पत्रलेखन असायचं दहावीला, ते मी दोन्ही वेळेला सोडून दिलं होतं, म्हणजे दहावीला दोनदा बसलो म्हणून दोन्ही वेळेला म्हणतोय. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. कागद स्पृहा मॅडमच्या वहीतला आहे, पेनपण त्यांचंच. आमच्या जपानी पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून येतात त्या, पुण्याच्या कसब्यातल्या. पेन देताना म्हणाल्या, झाकण चावू नका. मी अजून तरी चावलं नाहीये, पण चावावंसं वाटतंय इतकं टेन्शन आहे.

सकाळपासून फोन लावतोय तुम्हाला. दर वेळी तुम्ही उचलता आणि पहिलं विचारता, भावजी, जेवलात का. झालं, माझं तिथंच बारगळतं. मग मी इथली माकडं कशी पाहुण्यांच्या हातातली केळी पळवतात ते सांगत बसतो. मागून आईचा आवाज येतो, कुणाशी बोलती एवढं, आणि तुम्ही हळूच ठेवून देता. तुमचा आवाज एवढा बारीक झालाय की मला आधी वाटलं नेटवर्क नाहीये. म्हणून लिहायला बसलो. पाहुणे लेण्यांमध्ये गेलेत, ते काय चार वाजल्याशिवाय वर येत नाहीत. बुद्धाच्या एकेका मूर्तीसमोर हात जोडून उभे राहतात.

वहिनी, मला आज तुमच्या केसांबद्दल लिहायचंय. हसू नका. लग्नात तुमची वेणी बघून बँडवाला वाजवायचा थांबला होता ही थाप मी आपल्या गावी लोणीत इतक्या जणांना सांगितलीय की आता तो बँडवालापण खरं मानतो. मग तुम्ही मांजरीच्या आपल्या फ्लॅटमध्ये आलात. नवी बिल्डिंग, लिफ्ट, गच्चीवर सोलर, सगळं झकास, फक्त पाणी बोअरचं. नळाला पांढरे थर, बादलीला पांढरे थर, आणि तुमचे केस कंगव्यात. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. पण एकदा सकाळी ड्यूटी संपवून आलो तेव्हा तुम्ही गॅलरीत बसून कंगव्यातून केस काढत होतात, त्याची गुंडाळी करत होतात आणि रडत होतात. मला बघून म्हणालात, कांदा चिरत होते. गॅलरीत कसला आलाय कांदा.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहितीये. कोणी रडताना दिसलं की मला काहीतरी वेडेपणा करून हसवल्याशिवाय चैन पडत नाही. दादाच्या लॅपटॉपच्या बॅगेत मुळे ठेवले होते, ते तुम्ही पहिल्यांदा सासरी रडलात त्याच दिवशी. दादा मीटिंगमध्ये मुळे घेऊन गेला आणि तुम्ही हसून हसून ओट्याला धरून बसलात. तेव्हापासून मला वाटायला लागलं की तुमचं दुखणं घालवणं म्हणजे माझ्या हातचा मळ आहे.

तर दिवाळीच्या आधी खराडीचा एक जपानी इंजिनिअर परत गेला. मी वर्षभर त्याला ने-आण करायचो. जाताना त्याने स्वयंपाकघरातलं सगळं उरलंसुरलं मला दिलं. शेवया, सॉसच्या बाटल्या, आणि एक खोकं भरून पाकिटं. आत हिरवट तपकिरी पावडर. वास असा की मासळीबाजारात कोणीतरी चहा टाकलाय. पाकिटावर सगळं जपानीत, आणि लाटांचं चित्र. काय आहे ते मला माहीत नव्हतं. विचारलंपण नाही. सॉस आमच्या दुसऱ्या गाडीवरच्या ड्रायव्हरने, पोपटने नेला, शेवया मी खाल्ल्या, आणि ती पावडर बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला.

तुम्हाला आठवत असेल मी काय काय बोललो. की हे जपानच्या राजघराण्यातलं केसांचं औषध आहे. की चित्र बघा, लाटांसारखे केस होतात. की साहेबाने जाताना खास वहिनींसाठी दिलंय. रोज सकाळी अनशापोटी एक चमचा गरम पाण्यातून. तुम्ही म्हणालात, ह्यांना दाखवते. दादाला दाखवलं असतं तर त्याने ऑफिसात कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं आणि माझी गंमत तिथंच संपली असती. म्हणून मी लोणीच्या वेणूबाईचं उदाहरण दिलं. ती काविळीचं औषध देते, पण पाला कशाचा ते मेली तरी सांगत नाही, आणि घेणाऱ्यालाही सांगते की तोंड उघडलंस तर गुण जाईल. तुमच्या माहेरी सासवडलापण असं मानतात, तुम्हीच म्हणालात. मी म्हणालो, हेही तसंच. आणि पक्कं व्हावं म्हणून स्वतःचा गळा चिमटीत धरला आणि तुमच्याकडून माझ्या गळ्याची शपथ घेतली. कोणाला सांगितलंत तर शंभू गेला समजा. तुम्ही एकदम गंभीर झालात. माझा हात गळ्यावरून काढलात आणि म्हणालात, असलं अभद्र बोलू नका भावजी, नाही सांगणार. मग पाकीट हिंगाच्या मोठ्या डब्यात लपवलंत, कारण तो डबा कोणी उघडत नाही. मी त्या दिवशी गाडीत एकटाच हसत होतो.

माझा बेत साधा होता. आठवडाभर तुमची तोंडं वाकडी होताना बघायची, आणि भाऊबीजेला ओवाळताना सगळ्यांसमोर सांगायचं की तुम्ही जपानी माणसाचं उरलंसुरलं सामान पिताय. पण भाऊबीजेला तुम्ही मला बाजूला बोलावलंत आणि कंगवा दाखवलात. म्हणालात, बघा, आज कमी गेले. तोंडावर काय आनंद होता. आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? नाही, सांगू नका, मला माहितीये काय करायला पाहिजे होतं.

नंतरचं तुम्ही भोगलंय, मी कशाला लिहू. पण मला लिहिलंच पाहिजे. डिसेंबरात सगळे गोधडीत आणि तुम्ही फुल्ल स्पीडला पंखा लावून बसायचात. चहाचा कप बशीत वाजायचा. मी त्यावर तुमची नक्कलपण केली, आई हसली, तुम्हीपण हसलात. भाकरी चार खायच्या आणि ब्लाऊज मात्र सगळे उसवून आत घ्यायचे. खालच्या बायका विचारायच्या, कुठली जिम लावली. जिना चढताना छातीला हात लावून थांबायचात. आणि एकदा तुम्ही दादावर लाटणं उगारलं. तुम्ही, वहिनी. ज्या बाईने मी कंपनीच्या गाडीचा दरवाजा ठोकला तेव्हा दादाला सांगितलं की मीच भावजींना भाजीला पाठवलं होतं, चूक माझी. त्या दिवशी मला कळायला पाहिजे होतं की हे वेगळं आहे.

आणि केस परत जायला लागले. पहिल्यापेक्षा जास्त, मूठमूठभर. तेव्हा तुम्ही मला विचारलंत. मी मॅच बघत होतो. तुम्ही मागे येऊन हळूच म्हणालात, भावजी, गुण कमी पडतोय, संध्याकाळीपण एक चमचा घेतला तर चालेल का. मी टीव्हीवरची नजरसुद्धा काढली नाही. म्हणालो, चालेल की, तिकडच्या राण्या तर तीन वेळा घेतात. वहिनी, हे वाक्य मला झोपू देत नाही. केस त्यानेच जात होते. तुम्ही त्याच्यावर तेच घेत होतात, माझ्या सांगण्यावरून.

मग रक्त तपासलं. थायरॉइड इतका जोरात धावतोय म्हणाल्या डॉक्टरीणबाई, की शरीर थकून जातंय. धडधडीची गोळी दिली आणि ती गळ्याची तपासणी करायला पाठवलं. दादाला सुट्टी नव्हती म्हणून मी घेऊन गेलो. तुम्ही घाबरला होतात, किरणं मिसळलेलं काहीतरी प्यायचं म्हणून. मी म्हणालो, बरं होईल, रात्री लाइट गेली की तुमच्या गळ्याच्या उजेडात दादा त्याचं सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करेल. तिथला माणूस माझ्यावर खेकसला. तुम्ही हसत हसत ते प्यायलात. दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर मशीन लावली आणि निघालं काय, तर गळ्यातल्या त्या थायरॉइडच्या गाठीने प्यायलेल्यातलं जवळजवळ काहीच घेतलं नाही. एवढी धावणारी गाठ, हावरटासारखी घ्यायला पाहिजे होती म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून तुम्हाला शांतपणे विचारलं. एक तर गाठीला सूज असेल, नाहीतर बाहेरून काहीतरी पोटात जातंय. कुठल्या गोळ्या, काढा, चूर्ण, टॉनिक, कोणी दिलेलं काहीही. आठवून सांगा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वहिनी, तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो. खोटं सांगत नाही, ती पावडर मला त्या वेळी आठवली होती. पण वाटलं, सूपबीपची पावडर असणार, तिने काय होतंय. आणि दादाला कळलं तर घराबाहेर काढेल. हे सगळं एवढ्याशा वेळात वाटून झालं. तुम्ही म्हणालात, नाही, काहीच घेत नाही. माझ्या गळ्यासाठी म्हणालात.

घरी आल्यावर दादाने ऑफिसच्या इंटरनेटवर वाचलं की काही बायका बारीक व्हायला थायरॉइडच्याच गोळ्या चोरून खातात, आणि मग तपासणीत अगदी असंच दिसतं. त्याने प्रिंट काढून आणली. तुमचं कपाट उपसलं, पर्स उलटी केली. दादा ओरडत नाही, तेच वाईट. तो म्हणाला, राजनंदिनी, मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, मला घरी तेच काम देऊ नकोस. आई म्हणाली, खाती दोघांचं आन अंगाला लागंना, आमाला काय कळत न्हाई व्हय. तुम्ही हिंगाच्या डब्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. आणि आता रविवारी दादा तुम्हाला सासवडला सोडणार, आणि खरं बोलशील तेव्हा न्यायला येईन म्हणाला. मला हे सगळं समोर दिसत होतं आणि मी काय केलं, तर ट्रिप मागून घेतली. अजिंठा-वेरूळ, सोमवारपर्यंत. तुम्ही डबापण करून दिलात.

आता आजचं सांगतो. सकाळी मोरिता सान म्हणून जे म्हातारे पाहुणे आहेत त्यांची पिशवी काढायला डिकी उघडली. ते खोकं तिथंच आहे, तुमच्यासाठी पुढचं पाकीट त्यातूनच काढायचो. मोरिता सानना ते दिसलं. माणूस एकदम लहान पोरासारखा झाला. पाकीट हुंगलं, कपाळाला लावलं. स्पृहा मॅडमला काहीतरी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, ते म्हणतायत ही त्यांच्या समुद्रातल्या शेवाळाची पावडर आहे, भांडंभर रश्शाला चिमूटभर टाकतात, तुम्हीपण करता का? मी हुशारी केली. म्हणालो, माझी वहिनी रोज घेते, दोन चमचे, केसांसाठी. मॅडमनी सांगितलं. म्हाताऱ्याचं हसू गेलं. त्यांनी परत विचारलं, रोज? किती दिवस? मग त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

त्यांच्या बायकोला तीच तपासणी करायची होती म्हणे, गळ्यासमोर मशीनवाली. तिकडे त्याच्या आधी बरेच दिवस हे शेवाळ पूर्ण बंद करायला लावतात. त्याच्यात आयोडीन भरमसाट असतं. गाठ आधीच आयोडीनने भरलेली असली की मशीनसाठी दिलेलं ती घेतच नाही. जेवून तट्ट झालेल्या माणसापुढे ताट ठेवल्यासारखं. आणि काही जणांची गाठ त्या जादाच्या आयोडीननेच बेफाम सुटते. मी तिथंच गाडीला टेकून बसलो. स्पृहा मॅडम मला म्हणाल्या, औषध म्हणून दिलंत? छान. आपण शिक्षण कुठवर घेतलंय? मी म्हणालो, दहावी, दोनदा. त्या म्हणाल्या, एकदा पुरलं नाही हे दिसतंच आहे. मग मात्र त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून त्यांच्या काकांना फोन लावला. काकांची कसब्यात रक्तलघवी तपासायची लॅब आहे.

काका म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. पावडर आजच्या आज बंद. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि किती, कधीपासून, सगळं सांगायचं. लघवीत आयोडीन किती जातंय ते तपासता येतं, त्यात दिसेल. बहुतेक वेळा बंद केल्यावर हळूहळू उतरतं, काही आठवडे, काही महिने लागतात, पण लक्ष ठेवावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. आणि वहिनी, यात चोरून खाल्लेल्या गोळीचा काही संबंध नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही फक्त गप्प बसलात, आणि ते माझ्यामुळे.

शपथ मी सोडवली. इथं कड्यावर उभा राहून गळ्याला हात लावून तीन वेळा म्हणालो, सुटली. एक माकड बघत होतं, तेच साक्षीला. पण मला माहितीये तुम्ही तरी बोलणार नाही. मी फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, भंकस करू नका भावजी. दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वहिनीसाठी थाप मारतोय. आजवर एवढ्या थापा मारल्या की आता खरं बोलायला दुसऱ्याचा कागद लागतो. म्हणून पाकिटावर जपानीत काय लिहिलंय ते स्पृहा मॅडमनी मराठीत लिहून खाली सही केलीय, त्यांचा नंबर आणि काकांचा नंबरपण आहे. ते पाकीट यासोबत आहे.

आणि हे पत्र तुमच्या हातात पडणारच नाहीये. पोपट आज दुसरी गाडी घेऊन पुण्याला परततोय, त्याला मी सांगितलंय की लिफाफा वहिनींना द्यायचा नाही. कारण तुम्ही काय केलं असतंत ते मला माहितीये. हे वाचून गॅस पेटवला असता, कागद जाळला असता आणि बॅग भरून सासवडला गेला असतात, म्हणजे दादाने मला घराबाहेर काढू नये म्हणून. तेव्हा दादा, पोपटने हे तुझ्याकडे दिलंय आणि तू आता ओट्याजवळ उभा राहून वाचतोयस. मोठ्याने वाच, आईला ऐकू जाऊ दे. हिंगाचा डबा वरच्या फळीवर डावीकडे आहे. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे वहिनींना तूच घेऊन जा, अर्धा दिवस टाक. सोमवारी मी आलो की मला काय म्हणायचं ते म्हण, मी खालीच उभा राहीन, वर बोलावलंस तरच येईन. वहिनी, तो वाचून झाल्यावर तुमच्याकडे बघेल. तेव्हा मला सांभाळून घेऊ नका, या वेळी तुम्ही कॅलेंडर बघा.

तुमचाच, तुम्ही भावजी म्हणावं एवढीही लायकी नसलेला,
शंभू